प्लाझ्मातलं मिडॅझोलॅम मोजताना इंटर्नल स्टँडर्डच दगा देतोय

अर्धविराम

नमस्कार मंडळी. इथे बायोअ‍ॅनालिसिसवाले आहेत, भूलतज्ज्ञ आहेत आणि आयसीयूत राबणारेही आहेत हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे, म्हणून हा प्रश्न इथेच टाकतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

काम असं आहे. व्हेंटिलेटरवरच्या ज्या पेशंटांना सिरिंज पंपाने मिडॅझोलॅम चालू आहे, त्यांच्या प्लाझ्मात हे झोपेचं औषध आणि शरीरात त्यापासून बनणारं मेटाबोलाइट १-हायड्रॉक्सीमिडॅझोलॅम मोजायचं. पद्धत आमच्याकडे आधीपासून बसवलेली आहे. १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा घ्यायचा, त्यात ३०० मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल घालून प्रथिनं पाडायची (इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे ज्याच्या तुलनेत औषध मोजायचं तो आयएस, म्हणून डायझेपाम त्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्येच असतं), सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं निवळ पाण्याने पातळ करून थेट एलसी-एमएस/एमएसवर (आधी कॉलमवर घटक वेगळे, मग वस्तुमानावरून ओळख) लावायचं. कॉलम सी-१८, ५० मिमी. पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल, दोन्हींत ०.१ टक्का फॉर्मिक अ‍ॅसिड. ग्रेडियंट ७० टक्क्यांपर्यंत जातो आणि तीन मिनिटांत रन संपते. ट्रान्झिशन, म्हणजे आख्ख्या आयनचं आणि त्याच्या तुकड्याचं वस्तुमान: मिडॅझोलॅम ३२६→२९१, मेटाबोलाइट ३४२→३२४, डायझेपाम २८५→१९३. कॅलिब्रेशनचा ग्राफ १ ते ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली.

क्यूसी (ठाऊक पातळीचे तपासणी नमुने) झकास येतात, सगळे १० टक्क्यांच्या आत. पेशंटचे नमुने लावले की मात्र गडबड. काही नमुन्यांत डायझेपामच्या पीकचा एरिया क्यूसीच्या निम्म्याहूनही खाली येतो. घातलंय सगळ्यांत सारखंच, एकाच बाटलीतून. आयएस पडला की मिडॅझोलॅमचा आकडा फुगतो, आणि पंपाचा वेग तोच असताना पातळी दुपटीवर गेलेली दिसते. एका पेशंटच्या सलग नमुन्यांत नेमकं उलटं, डायझेपाम तिप्पट! शिवाय एकच नमुना असा की मिडॅझोलॅम २,००० च्या वर, ग्राफच्या पार बाहेर, आणि मेटाबोलाइट मात्र आदल्या नमुन्याइतकंच.

तेच व्हायल पुन्हा इंजेक्ट केले, आकडे जवळपास तेच. सिनियर म्हणतात, आयएस वरखाली झाला तर होऊ दे, रेशो सांभाळून घेतो. मला काही ते पचत नाहीये. तुमचं काय मत?

झोपाळू

विषयातलं ओ की ठो कळत नाही, नावावर जाऊ नका. पण पेशंट झोपलाय की नाही हे समोर दिसतंच ना? मग रक्तातलं झोपेचं औषध एवढ्या महागड्या मशीनवर मोजून मिळतं काय?

शून्यप्रहर

वाचनखूण साठवली. एम.फार्मला हाच विषय घेतलाय, त्यामुळे पहिल्या रांगेत बसलोय.

बेसलाइन

अर्धविराम, तुमच्या सिनियरांचं अर्धं बरोबर आहे. रेशो सांभाळून घेतो, पण औषध आणि आयएस या दोघांवर एकाच क्षणी सारखंच संकट आलं तरच. तुमच्याकडे ते दोघं एकत्र नाहीतच मुळी. मिडॅझोलॅमचा पीकेए (ज्या पीएचच्या खाली रेणू प्रोटॉन धरून बसतो तो) ६ च्या आसपास, त्यामुळे फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये तो पूर्ण प्रोटॉन घेऊन बसतो आणि सी-१८ वर फार रेंगाळत नाही. डायझेपामचा ३.३ च्या आसपास, तो मागून उतरतो. त्या मधल्या काळात आणि डायझेपामच्या सोबत आणखी कोण कोण उतरतंय हे तुम्हाला दिसत नाही, कारण एमआरएममध्ये (ठरवलेल्या ट्रान्झिशनच मोजायच्या पद्धतीत) तुम्ही फक्त तीन खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत.

न दिसणारे ते बहुतेक फॉस्फोलिपिड, रक्तातले स्निग्ध रेणू. अ‍ॅसिटोनायट्राइलने प्रथिनं पडतात, पण फॉस्फोलिपिडचा बराच भाग निवळात तसाच राहतो. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (ज्यासाठी जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तेच तंत्र) बारीक थेंब सुकत सुकत आयन बाहेर पडतात. त्या थेंबाच्या पृष्ठभागावर जागा मर्यादित. फॉस्फोलिपिड साबणासारखे पृष्ठभागाला चिकटणारे, ते जागा अडवतात आणि तुमच्या औषधाचे आयन कमी सुटतात. औषध व्हायलमध्ये पुरेपूर आहे, डिटेक्टरपर्यंत पोचत नाही एवढंच. यालाच आयन सप्रेशन म्हणतात. यूव्ही डिटेक्टरला हा रोग नाही, त्याला दुसरे आहेत.

आता कामाचं. पुढच्या बॅचमध्ये एम/झेड १८४→१८४ ही ट्रान्झिशन जोडा. फॉस्फोकोलीनचं डोकं असलेली सगळी मंडळी त्यात हजेरी लावतात. ४९६→१८४ आणि ५२४→१८४ पण बघा, ते लायसो, म्हणजे एका शेपटीचे, आधी उतरतात. दोन शेपट्यांचे इतके चिवट की ७० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलला दाद देत नाहीत. ते कॉलमवरच मुक्काम ठोकतात आणि पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या इंजेक्शनमध्ये वाटेल तेव्हा बाहेर येतात. मग सप्रेशन भलत्याच नमुन्यावर निघतं.

शिवाय पोस्ट-कॉलम इन्फ्युजन करा. कॉलमनंतर टी जोडून सिरिंज पंपाने मिडॅझोलॅम आणि डायझेपामचं द्रावण सतत सोडायचं, आणि वरून ज्या नमुन्यात आयएस पडला होता त्याच पेशंटचा औषध सुरू होण्याआधीचा प्लाझ्मा काढून इंजेक्ट करायचा. तो नसेल तर दुसरा कुठलाही लायपेमिक (चरबीने दुधाळ) प्लाझ्मा. सरळ रेष जिथे खड्ड्यात जाईल ती तुमची सप्रेशनची वेळ.

एक विचारायचं राहिलं: क्यूसीचा प्लाझ्मा कुणाचा आहे?

अर्धविराम

धन्यवाद बेसलाइन काका! क्यूसी निरोगी दात्यांच्या उपाशीपोटी घेतलेल्या प्लाझ्मातले. सहा वेगवेगळ्या दात्यांवर मॅट्रिक्स इफेक्ट (प्लाझ्मातल्या इतर घटकांचा सिग्नलवरचा परिणाम) तपासलाय, पास आहे. १८४ आजच जोडते.

बेसलाइन

सहा निरोगी माणसं एकमेकांसारखीच असणार, त्यात पास व्हायला काय लागतं. २०२२ चं आयसीएच एम-१०, म्हणजे अशा पद्धती पारखायची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, नीट वाचा. सहा स्रोत ही कमीत कमी अट आहे. लायपेमिक आणि हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेला) प्लाझ्मा, आणि यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या पेशंटांचा मिळाला तर तोही, तपासून बघायला त्यातच सांगितलंय. तुमचे नमुने आयसीयूतले आहेत. तिथे उपाशी निरोगी माणूस सापडणार कुठून?

रानजाई

भूलतज्ज्ञ आहे, सध्या आयसीयू. आधी झोपाळूंना उत्तर देते, कारण प्रश्न साधा दिसला तरी आमचे रेसिडेंटही तोच विचारतात.

रोजच्या कामात आम्ही पातळी मोजत नाही, हे खरं. सेडेशन किती खोल आहे ते रॅस नावाच्या मापाने बघतो, +४ पासून −५ पर्यंत. −५ म्हणजे हाक मारा, चिमटा काढा, काही प्रतिसाद नाही. डोस त्यावर कमीजास्त होतो. आणि पातळी व झोप यांचं नातं सरळ नाहीच. तीच पातळी एकाला गाढ झोपवते आणि आठवडाभर औषध घेणाऱ्या दुसऱ्याला नुसती पेंग आणते. त्याहून गंमत म्हणजे फ्लुमाझेनिल हा उतारा दिला तर पेशंट मिनिटभरात डोळे उघडेल, पण त्या क्षणी घेतलेल्या रक्तात मिडॅझोलॅम तेवढंच्या तेवढं असेल. रिसेप्टरवरून हुसकावलं गेलं, रक्तातून गेलं नाही. म्हणून तर फ्लुमाझेनिल ओसरलं की पेशंट पुन्हा झोपी जातो.

मोजायची वेळ येते ती औषध बंद करूनही पेशंट उठत नाही तेव्हा. औषध शिल्लक आहे की मेंदूलाच इजा आहे, हा प्रश्न नातेवाईक बाहेर उभे असताना सोडवायचा असतो. मेंदूमृत्यूच्या तपासण्यांआधी तर हे लागतंच. ब्रिटनच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत मिडॅझोलॅम १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर चाचण्या करू नका असं होतं. मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणा की नॅनोग्रॅम प्रति मिली, एकच. अर्धविराम, तुमचा ग्राफ १ पासून सुरू होतो म्हणून तो आमच्या कामाचा. आणि तुमचा आकडा उगाच फुगत असेल तर तो किती महागात पडेल ते सांगायला नको.

आता तुमच्या कोड्यांकडे. ज्या पेशंटमध्ये डायझेपाम तिप्पट येतंय, त्याला झटके आले होते का? आले असतील तर कुणीतरी डायझेपाम दिलं असणार! दोन-तीन दिवसांपूर्वीचा डोसही पुरे, त्याचं हाफ-लाइफ २० ते ५० तास आहे.

मोरपंखी

रानजाई मॅडम, आमच्याकडे झटक्याला पहिला हात डायझेपामलाच जातो. कधी कधी कॅज्युअल्टीत दिलेलं असतं आणि आयसीयूच्या चार्टवर येतच नाही.

अर्धविराम

अगं बाई! हे डोक्यातच आलं नव्हतं कुणाच्या. आजच बघते.

(दोन तासांनी) बघितलं. त्या पेशंटचा नमुना आयएस न घालता प्रक्रिया करून लावला. २८५→१९३ मध्ये ठसठशीत पीक, बरोब्बर डायझेपामच्या वेळेला. डायझेपामपासून शरीरात बनणाऱ्या नॉरडायझेपामसाठी २७१→१४० पण उघडलं, तेही भरपूर. म्हणजे पेशंटच्या अंगातच आमचा आयएस फिरत होता, आणि आम्ही त्याचं मिडॅझोलॅम आहे त्याच्या तिसऱ्या हिश्शाने कळवत होतो.

बेसलाइन

पेशंटला मिळू शकणारं औषध आयएस म्हणून वापरायचं नाही, हा पहिला धडा. जुन्या यूव्हीच्या काळात डायझेपाम सोयीचं होतं, तेव्हाच्या पेपरांतून ते तसंच उचललं गेलं असणार. मिडॅझोलॅम डी-४ (चार हायड्रोजनांच्या जागी जड हायड्रोजन असलेलं) मागवा, ३३०→२९५. ते मिडॅझोलॅमच्याच सोबत उतरतं, सप्रेशन झालंच तर दोघांवर सारखं होतं, आणि ते कुठल्याही पेशंटच्या अंगात सापडणार नाही.

हौशींसाठी: ३२६ मधून २९१ होताना ३५ गेले, म्हणजे क्लोरीन सुटला. नैसर्गिक मिडॅझोलॅममध्ये जड क्लोरीन आणि जड कार्बन मिळून थोडेसे रेणू ३३० वर येतात, ते डी-४ च्या खिडकीत शिरतील अशी भीती घातली जाते. पण त्यांचा जड क्लोरीन सुटला की ते २९३ वर जातात, २९५ वर नाही. तरी सगळ्यात वरचं स्टँडर्ड आयएस न घालता एकदा मारून बघाच. आणि डी-४ च्या बाटलीत साधं मिडॅझोलॅम किती मिसळलंय ते नुसतं आयएस घातलेल्या कोऱ्या प्लाझ्मात दिसेल. मेटाबोलाइटलाही त्याचंच डी-४ मिळतं. पैसे असतील तर घ्या.

शून्यप्रहर

काका, एक बाळबोध शंका. माझ्या ग्राफचा आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती जुळते त्याचं माप) ०.९९८ येतो, तरी खालचं स्टँडर्ड ३० टक्क्यांनी चुकतं. असं कसं?

बेसलाइन

वेटिंग, म्हणजे खालच्या बिंदूंना जास्त वजन, दिलेलं नसणार. ग्राफ १ पासून ५०० पर्यंत, तर ५०० वरची छोटीशी चूकही १ वरच्या आख्ख्या पीकपेक्षा मोठी असते. रेषा वरच्या दोन-तीन बिंदूंना खूष ठेवायला जाते आणि खालच्यांचे हाल होतात. १/एक्स-स्क्वेअर वेटिंग लावा, मग परत काढलेल्या आकड्यांची टक्केवारी बघा. प्रत्येक स्टँडर्ड १५ टक्क्यांच्या आत, सगळ्यात खालचं २० च्या आत, आणि निदान तीन चतुर्थांश तरी पास. आर-स्क्वेअर फ्रेम करून भिंतीला लावा.

मोरपंखी

तो २,००० वाला नमुना कुणी घेतला होता ते विचारा. मी स्टाफ नर्स आहे आणि माझी पैज आहे, रक्त मिडॅझोलॅम चालू असलेल्या हातातूनच घेतलंय किंवा सेंट्रल लाइनच्या शेजारच्या ल्युमेनमधून (नळीच्या दुसऱ्या पोकळीतून), पंप न थांबवता. रात्रपाळीला नवीन मुलं असली की होतं असं.

रानजाई

मोरपंखी, अगदी. हिशेब करून बघा. आमच्या सिरिंजमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिली असतं. त्यातला एक मायक्रोलिटर, म्हणजे डोळ्याला धड दिसणारही नाही इतकं, १ मिली रक्तात मिसळला तर पातळी १,००० नॅनोग्रॅमने वाढते. दोन मायक्रोलिटरमध्ये तुमचे २,०००. मेटाबोलाइट जागचं हललं नाही हाच पुरावा. ते औषध यकृतात गेलेलंच नाही, सरळ नळीतून ट्यूबमध्ये आलंय.

म्हणून रक्त दुसऱ्या हातातून घ्यावं, जमल्यास आर्टिरियल लाइनमधून, सुरुवातीचं काही रक्त बाजूला काढून. आणि लेबलवर खरी वेळ लिहावी. सहाचा नमुना सात वाजून वीस मिनिटांनी घेऊन लेबलवर सहा लिहायचं, ही सवय मोडत नाही. मिडॅझोलॅमचं हाफ-लाइफ चांगल्या तब्येतीच्या माणसात साधारण दोन तासांचं. पंप बंद केल्यावरच्या नमुन्यांत तेवढ्या वेळात चित्र बदलतं.

मोरपंखी

आणि जेलच्या ट्यूब देऊ नका आमच्या हातात. ट्रेमध्ये जी वर असेल ती उचलली जाते.

बेसलाइन

बरोबर. जेल तेलकट औषधं शोषून घेतं. साधी के-टू ईडीटीए ट्यूब, लवकर सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत, −७० किंवा त्याखाली. नमुने उन्हात किंवा खिडकीपाशी ठेवू नका, मिडॅझोलॅमला प्रकाश सोसत नाही.

कोरा_कागद

विषविज्ञानातल्या माणसाचे दोन पैसे. बेंझोडायझेपाइनची (मिडॅझोलॅम, डायझेपाम, लोराझेपाम यांचा गट) झटपट इम्युनोअ‍ॅसे आयसीयूसाठी जवळपास निरुपयोगी. कुठलं औषध आहे ते सांगत नाही, किती आहे तेही नाही, आणि लोराझेपाम ग्लुकुरोनाइड (शरीराने साखरेसारखा रेणू जोडलेलं रूप) होऊन आलं की बऱ्याच किट आंधळ्या होतात. 'निगेटिव्ह' वाचून कुणी निर्धास्त झालेलं पाहिलंय. एलसीला पर्याय नाही.

अर्धविराम

मंडळी, अपडेट.

१८४→१८४ चं चित्र बघून हबकलेच. निरोगी प्लाझ्मात रन संपता संपता एक बुटका उंचवटा. आयएस पडलेल्या नमुन्यांत अख्खा डोंगर, आणि त्याचा पायथा डायझेपामच्या खालूनच सुरू होतो. पोस्ट-कॉलम इन्फ्युजनमध्ये मिडॅझोलॅमच्या वेळेला रेष जवळपास सपाट, डायझेपामच्या वेळेला खोल खड्डा. म्हणजे काका म्हणाले तसंच. औषध जागच्या जागी आहे, आयएस एकटाच बुडतोय आणि आकडा वर जातोय.

आता न सुटलेलं: हे ठरावीक पेशंटांतच का? त्यांचा प्लाझ्मा डोळ्यांनाही दुधाळ दिसतो. आणि त्याच पेशंटचे पहिल्या दिवसाचे नमुने स्वच्छ आहेत.

रानजाई

प्रोपोफोल! त्या पेशंटांना मिडॅझोलॅमसोबत किंवा नंतर प्रोपोफोल हे भुलीचं औषध सुरू झालं असणार, चार्ट बघा. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून इमल्शन करून देतात. ते दुधासारखं पांढरं दिसतं ते याचमुळे. १ टक्क्याच्या नेहमीच्या प्रोपोफोलमध्ये १० टक्के सोयाबीन तेल आणि १.२ टक्के अंड्यातलं लेसिथिन असतं.

बेसलाइन

लेसिथिन म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन. १८४ च्या खिडकीतला डोंगर तोच. वा! डॉक्टरांशिवाय हे जन्मात कळलं नसतं. आम्ही लॅबवाले कॉलम बदलत बसलो असतो.

शिरेतून पोषणासाठी लिपिड देतात त्याचंही हेच. काही इंजेक्शनांत पॉलिसॉर्बेट ८० किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं (लोराझेपामच्या इंजेक्शनात दुसरं सापडेल), तेही सप्रेशन करतात आणि १८४ मध्ये दिसत नाहीत. म्हणून नमुन्यासोबत पेशंटला त्या दिवशी काय काय चाललं होतं त्याची यादी मागून घ्या. नुसता बारकोड पुरत नाही.

आता नुसत्या डी-४ वर विसंबू नका. सप्रेशन दोघांवर सारखं झालं तरी सिग्नल खाली गेला की १ नॅनोग्रॅमचं पीक आवाजात हरवेल, आणि रानजाईंना नेमकं तिथलंच हवंय. घाण आधीच काढा. लिक्विड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शन करा. प्लाझ्मात थोडं सोडियम कार्बोनेट घालून अल्कलाइन केलंत की मिडॅझोलॅमवरचा प्रोटॉन उतरतो आणि ते मिथिल टर्शरी ब्युटाइल ईथरमध्ये पटकन जातं. फॉस्फोलिपिड बरेचसे मागे राहतात. नायट्रोजनखाली सुकवायचं आणि मोबाइल फेजऐवजी जवळपास उदासीन द्रावणात परत घ्यायचं.

उदासीन का, तर मिडॅझोलॅमचं कडं आम्लात उघडतं. पीएच ४ च्या खाली गेलं की उघडं आणि मिटलेलं अशी दोन रूपं होतात. इंजेक्शनच्या अ‍ॅम्प्युलमध्ये पीएच ३ च्या आसपास ठेवतात ते यासाठीच, उघडं रूप पाण्यात विरघळतं, आणि रक्ताच्या पीएचला कडं मिटून औषध तेलकट होतं नि मेंदूत शिरतं. ही उघडझाप क्षणात होत नाही, काही मिनिटं घेते. त्यामुळे आम्लाच्या व्हायलमध्ये नुकताच टाकलेला नमुना आणि रात्रभर ऑटोसॅम्पलरमध्ये बसलेला नमुना यांचे एरिया वेगळे दिसू शकतात.

आणि ग्रेडियंटच्या शेवटी ९५ टक्क्यांवर धुवा. मिथेनॉल-आयसोप्रोपॅनॉलने धुतलंत तर उत्तम, फॉस्फोलिपिड त्यांना जास्त ऐकतात. रन दोन मिनिटांनी वाढेल. वाढू दे.

शून्यप्रहर

मग त्याच रनमध्ये प्रोपोफोलही मोजून टाकलं तर? एका दगडात दोन पक्षी.

बेसलाइन

दोन्ही पक्षी उडतील. प्रोपोफोल हा फिनॉल, पॉझिटिव्ह इलेक्ट्रोस्प्रेमध्ये प्रोटॉन घ्यायला तयार नाही आणि निगेटिव्हमध्येही नाखूषच. शिवाय उडून जाणारा. नायट्रोजनखाली सुकवलात की औषध नायट्रोजनसोबत खोलीभर. त्याला वेगळी एचपीएलसी आणि फ्लुओरेसन्स डिटेक्टर द्या, २७६ वर उत्तेजन आणि ३१० वर मोजणी, आयएस थायमॉल, सुकवणं नाही. पातळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात, त्यामुळे जमून जातं.

झोपाळू

रानजाईताई, उत्तराबद्दल आभार. आता एवढं समजलं की मी या धाग्यावर झोपलो नाही, हेच यश.

पण एक शंका. हे मशीन जो आकडा देतं तो सगळाच्या सगळा मेंदूत पोचणाऱ्या औषधाचा असतो का?

रानजाई

चांगली शंका आहे. नाही. मिडॅझोलॅम ९६-९७ टक्के प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. मेंदूत जातं ते उरलेलं मोकळं. काढताना प्रथिनं मोडतात म्हणून एलसीला दोन्हींची बेरीज दिसते. आयसीयूत अल्ब्युमिन पार खाली गेलेलं असतं, मग त्याच एकूण आकड्यात मोकळा वाटा जास्त. मोकळं वेगळं मोजायचं तर आधी अल्ट्राफिल्ट्रेशन. बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत, आणि नमुना १०० मायक्रोलिटर असेल तर जाऊही शकत नाहीत.

अर्धविराम

शेवटचं अपडेट, मग धागा कुणी हायजॅक केला तरी चालेल.

डी-४ आलं, लिक्विड-लिक्विड बसलं. दुधाळ प्लाझ्मातले क्यूसी वेगळे बनवले, तेही १५ टक्क्यांच्या आत. आयएसचा एरिया आता पेशंट आणि क्यूसी दोन्हींत एका पट्ट्यात राहतो. जुने नमुने पुन्हा मोजले. प्रोपोफोलवाल्यांची ती दुप्पट वाढ गायब, पंप स्थिर असताना रेष स्थिर. डायझेपामवाल्या पेशंटचा आकडा वर गेला. २,००० वाला मात्र २,००० च राहिला, आणि तो मिडॅझोलॅम चालू असलेल्या हातातूनच घेतला होता. मोरपंखी, पैज जिंकलात.

सिनियरांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "लायपेमिक क्यूसी एसओपीत घाल." यापेक्षा मोठी शाबासकी आमच्याकडे मिळत नाही.

पण एक पेशंट अजून छळतोय. पंप तोच, प्लाझ्मा स्वच्छ, आयएस शहाण्यासारखा, आणि तिसऱ्या दिवसापासून मिडॅझोलॅम चढत चाललंय. मेटाबोलाइट मात्र चढत नाही, उलट थोडं उतरलंय.

रानजाई

बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल सुरू झालंय का? नाहीतर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक?

अर्धविराम

चार्ट बघून सांगते.

फ्लुकोनॅझोल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून.

रानजाई

मग हा तुमचा आकडा खरा. मिडॅझोलॅमचं १-हायड्रॉक्सी करणारं एन्झाइम सीवायपी३ए४, आणि फ्लुकोनॅझोल त्यालाच अडवतं. मूळ औषध साठत गेलं, मेटाबोलाइट कमी बनलं. दोघांचा रेशो काढा, दिवसागणिक पडताना दिसेल. पेशंटच्या डॉक्टरांना कळवा, डोस खाली आणायला हवा.

त्याचं क्रिएटिनिन कसं आहे? मूत्रपिंड बसलं असेल तर मेटाबोलाइटचं ग्लुकुरोनाइड साठतं, आणि तेही गुंगी आणतं. १९९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये यावर पेपर आला होता, पेशंट उठत नव्हते आणि रक्तात ग्लुकुरोनाइड भरपूर. तुमच्या ईथरमध्ये ते येत नाही, पाण्याच्या थरात राहून फेकलं जातं.

बेसलाइन

फेकू नका. पाण्याचा थर गोठवून ठेवा. किंवा उरलेल्या प्लाझ्माला बीटा-ग्लुकुरोनिडेज (ग्लुकुरोनाइड तोडणारं एन्झाइम) लावा आणि आधीचं नंतरचं १-हायड्रॉक्सी मोजून वजाबाकी करा. प्लाझ्मा किती उरलाय?

अर्धविराम

त्या पेशंटचा? दर नमुन्याचा जेमतेम ८० मायक्रोलिटर. क्रिएटिनिन वाढलेलं आहे.

बेसलाइन

५० मध्ये करा. उरलेले ३० राहू द्यात, पेशंटचे नमुने पुन्हा मोजून पडताळायला, म्हणजे इनकर्ड सॅम्पल रिअ‍ॅनालिसिसला लागतील.